उसना सूर

आपल्या घरांतली पंधरा-सोळा वर्षांची मुले दार लावून घेऊन जे इंग्रजी गाणे गातात, ते कधी दाराबाहेर उभे राहून नीट ऐकले आहे का? एकाच अक्षरावर सहा-सात सुरांची लड, ओळीच्या शेवटी घसरत खाली येणारा आवाज, वरच्या सुराला मुद्दाम आणलेली खरखर आणि तालाच्या किंचित मागे रेंगाळत चालणारे शब्द. आपल्या मंडळींचे यावर साधारण दोन अभिप्राय असतात. पहिला, "हे काय ओरडणे?" आणि दुसरा, जरा समजूतदार पालकांचा, "गाते छान हो, पण सगळी नक्कल आहे. त्या रेकॉर्डमधल्या बाईसारखे गायचे, त्यात हिचे स्वतःचे काय?"

पहिल्या अभिप्रायाला उत्तर देण्याच्या भानगडीत मी पडत नाही. दुसऱ्याला मात्र मोठा इतिहास आहे. तो अमेरिकेत घडला तसा बेळगाव-मुंबईत घडला आणि थोडासा आपल्या या सिंगापुरातही घडला. तोच आज सांगायचा आहे.

मुले जे गातात त्याचे मूळ 'सोल' नावाच्या गायनप्रकारात आहे. सोल म्हणजे आत्मा. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधले भक्तिगीत, ज्याला गॉस्पेल म्हणतात, आणि त्यांच्याच वस्तीतले ऐहिक गाणे, म्हणजे ब्लूज आणि रिदम अँड ब्लूज, यांचा संकर १९५० नंतरच्या दशकात झाला आणि त्यातून हा प्रकार जन्मला. रविवारी सकाळी देवाला उद्देशून जे आर्तपणे गायचे, तेच शनिवारी रात्री प्रेयसीला उद्देशून गायले जाऊ लागले. जुन्या लोकांना हे पटले नाही. बिग बिल ब्रून्झी हा नामवंत ब्लूज गायक स्वतः काही चर्चमधला बुवा नव्हता, पण त्यालाही ही सरमिसळ खटकली होती. आपल्याकडे भजनाची चाल लावणीला लावली तर कोल्हापुरात काय झाले असते याची कल्पना करा, म्हणजे प्रकरण ध्यानात येईल.

या संकराचे श्रेय ज्याला सर्वांत जास्त दिले जाते तो रे चार्ल्स. जन्म १९३० चा, जॉर्जिया राज्यातल्या ऑल्बनीचा. बालपण फ्लोरिडात, अत्यंत गरिबीत. सहा-सात वर्षांचा होईतो दृष्टी गेली. अंधांच्या सरकारी शाळेत पियानो आणि ब्रेल लिपीतले स्वरलेखन शिकला. पोरवयातच आई गेली आणि पोटासाठी तो गात फिरू लागला. १९४८ साली देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, सिअ‍ॅटलला गेला. आता गंमत पाहा. पुढे ज्याचा आवाज दोन शब्दांत ओळखू येई, त्या रे चार्ल्सच्या अगदी सुरुवातीच्या, म्हणजे १९४९ च्या आसपासच्या ध्वनिमुद्रिका ऐकल्या तर तो सापडतच नाही. सापडतो तो नॅट किंग कोल, नाहीतर चार्ल्स ब्राउन. मऊ, रेशमी, सभ्य आवाज. चार्ल्सने हे कधी लपवले नाही. नॅट कोलसारखे गाता आले की काम मिळत असे, म्हणून तो तसे गात होता. लोक कौतुक करत, पण ते नॅट कोलसारखा गाणारा पोरगा म्हणून. त्याचे नाव कुणी विचारत नसे, ही खंत त्याने पुढे अनेकदा बोलून दाखवली.

ही अवस्था पाचेक वर्षे टिकली. नोव्हेंबर १९५४ मध्ये अटलांटा शहरात त्याने 'आय गॉट अ वुमन' हे गाणे ध्वनिमुद्रित केले. त्याची चाल एका चालू गॉस्पेल गाण्यावर बेतलेली होती आणि आवाज कुणाचाच नव्हता, त्याचा होता. म्हणजे स्वतःचा आवाज सापडला तोही दुसऱ्याच्या चालीत! नक्कल करणे थांबवून तो निर्वात पोकळीतून गायला लागला असे झाले नाही. फक्त उसने घेण्याची जागा बदलली. श्रीमंत क्लबात चालणाऱ्या आवाजाऐवजी लहानपणी चर्चमध्ये कानांवर पडलेला आवाज त्याने जवळ केला.

सॅम कुकची गोष्ट याहून बोलकी आहे. १९५० च्या सुमारास 'सोल स्टिरर्स' या गॉस्पेल मंडळीचा मुख्य गायक आर. एच. हॅरिस मंडळी सोडून गेला. हॅरिस म्हणजे त्या क्षेत्रातला दादा माणूस. त्याच्या जागी विशीतला सॅम कुक आला. लोक हॅरिस ऐकायला येत, म्हणून या पोराने हॅरिससारखे गायचे असा सरळ हिशेब होता. पहिले काही महिने त्याने तेच केले. पण हॅरिसचा वरचा, ताणलेला सूर त्याच्या गळ्याला झेपेना. त्याच्या साथीदारांच्या आठवणींत असे आहे की एकदा असाच वरचा सूर गाठणे अशक्य दिसताच तो सुराच्या खाली उतरला आणि हलकीशी गिरकी घेत ओळ पुरी करून मोकळा झाला. ती गिरकीच पुढे त्याची खूण ठरली. १९५७ साली 'यू सेंड मी' या गाण्याने तो देशभर गाजला तेव्हा लोकांना वेड लावले ते याच गिरकीने. नक्कल जिथे जमली नाही तिथे त्याचे स्वतःचे गाणे सुरू झाले.

ओटिस रेडिंग सुरुवातीला लिटल रिचर्डसारखा आरडाओरडा करत गात असे. दोघेही जॉर्जियातल्या मेकन गावचे, त्यामुळे ते साहजिकच होते. ही यादी लांबवता येईल, पण ती लांबवण्याऐवजी आपल्या गावाकडे वळू.

मराठी रंगभूमीवर 'गंधर्व' ही पदवी कशी पसरली हे पाहिले तरी पुरे आहे. नारायण श्रीपाद राजहंस यांना लोकमान्य टिळकांनी 'बालगंधर्व' म्हटले असे सांगतात. मग रामभाऊ कुंदगोळकर 'सवाई गंधर्व' झाले, सौदागर नागनाथ गोरे 'छोटा गंधर्व' झाले, शिवपुत्र कोमकळी 'कुमार गंधर्व' झाले आणि अलीकडे आनंद भाटे यांना बालवयातच 'आनंद गंधर्व' म्हटले गेले. 'सवाई' शब्दात तर मोजमापच आहे: एकाच्या सव्वापट. बालगंधर्वांना मापाचे वजन धरून दोन-तीन पिढ्या गायक तोलले गेले. नाटक कंपन्यांतल्या पोरांना उमेदवारीत पहिले काम असे ते विंगेत उभे राहून मुख्य नटाची पदे जशीच्या तशी उचलण्याचे. हरकत, मुरकी, श्वास घेण्याची जागा, शब्दावरचा लाडिक रेंगाळणारा जोर, सगळे. त्याला कुणी नक्कल म्हणून नाक मुरडत नसे. त्याला तालीम म्हणत.

या सगळ्यांत कुमार गंधर्वांची कथा रे चार्ल्सच्या कथेशी इतकी मिळतीजुळती आहे की दोघांचे चरित्र शेजारी ठेवून वाचावे. जन्म ८ एप्रिल १९२४, बेळगावजवळच्या सुळेभावीचा. चार्ल्सपेक्षा सहा वर्षांनी मोठे. घरात ग्रामोफोन आणि गाणे ऐकणारे वडील. सहा-सात वर्षांचे पोर एके दिवशी गायला लागले ते थेट ध्वनिमुद्रिकेतले गाणे. नुसती चाल नव्हे, आवाजाची ठेवण, तानेचा वळसा, सगळे मुद्रिकेबरहुकूम. अब्दुल करीम खाँ, रामकृष्णबुवा वझे, सवाई गंधर्व, ज्यांची म्हणून तबकडी मिळाली त्यांचे गाणे या मुलाच्या गळ्यातून निघे. एका मठाच्या स्वामींनी 'कुमार गंधर्व' म्हटले आणि तो दौऱ्यावर निघाला. १९३६ साली मुंबईच्या जिना हॉलमध्ये प्रोफेसर देवधरांनी भरवलेल्या जलशात मोठमोठे गवई समोर बसलेले असताना तो बारा वर्षांचा मुलगा गायला आणि ऐकणारे थक्क झाले.

इथे कथा संपली असती तर आज कुमारांचे नाव कुणाला आठवले नसते. असे बालचमत्कार त्या काळात आणखीही होते आणि आवाज फुटला की ते विरून जात. कुमार देवधरांच्या गाण्याच्या शाळेत राहिले. देवधर विष्णु दिगंबरांचे शिष्य आणि स्वतः पाश्चात्त्य संगीताचेही अभ्यासक. आवाज म्हणजे काय आणि तो कसा निघतो याचा शास्त्रीय विचार करणारे त्या काळातले विरळा गुरू. त्यांच्याकडे मुलाला प्रथम हे कळले की आपण जे उचलले आहे ते का तसे आहे. पुढे क्षयाने गाठले. १९४८ च्या जानेवारीत कुमार देवासला आले आणि साधारण पाच वर्षे गाणे बंद. खाटेवर पडून कानांवर पडत होती ती माळव्यातल्या बायाबापड्यांची लोकगीते. औषधांनी बरे होऊन ते पुन्हा गायला बसले तेव्हा एक फुप्फुस जवळजवळ निकामी होते. लांब श्वासाची गायकी आता शक्य नव्हती. म्हणून छोटे छोटे तुकडे, अचानक उसळी, मधल्या शांत जागा. जे लोक त्या गाण्यावर भाळले त्यांपैकी फार थोड्यांना हे माहीत होते की त्याच्यामागे शरीराची अडचण आहे. सॅम कुकची गिरकी इथे आठवते.

आणि मग, कारकीर्द जोरात असताना, कुमारांनी एक कार्यक्रम केला: 'मला उमजलेले बालगंधर्व'. नाव पुन्हा एकदा वाचा. 'बालगंधर्वांची गाणी' नव्हे, 'बालगंधर्वांच्या शैलीत' नव्हे. मला उमजलेले. त्यात बालगंधर्वांची पदे होती, त्यांच्या जागा होत्या, लाघव होते आणि तरी आवाज आणि फेक पूर्णपणे कुमारांची. बालगंधर्वांच्या भक्तांना ते सगळ्यांनाच रुचले असे नाही. ज्यांना हुबेहूब हवे होते त्यांना ते कमी वाटले आणि ज्यांना नवे हवे होते त्यांना प्रश्न पडला की यांना जुन्याकडे जायची गरज काय. माझ्या मते दुसऱ्याच्या शैलीत गाणे म्हणजे काय, याचे मराठीत झालेले सर्वांत प्रामाणिक प्रात्यक्षिक तेच आहे. ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. बालगंधर्वांची मूळ तबकडी आधी आणि हे नंतर असे ऐकावे.

आता थोडे तबकडीविषयी, कारण तिच्याशिवाय हा इतिहास घडलाच नसता. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गेसबर्गने कलकत्त्यात गौहर जान हिचे गाणे मेणावर उतरवले. भारतीय संगीताच्या इतिहासात हा प्रसंग हमखास सांगितला जातो. पण त्याच सफरीत गेसबर्ग पुढे जपान, चीन असे करत १९०३ मध्ये आपल्या सिंगापुरातही आला होता आणि इथे त्याने मलय गाणी ध्वनिमुद्रित केली, ही गोष्ट मराठी लेखनात माझ्या वाचनात आलेली नाही. म्हणजे गौहर जानच्या गळ्यासमोर धरलेला कर्णा वर्षाच्या आत इथल्या गायकांसमोर धरला गेला. त्या क्षणापासून गाणे शिकण्यासाठी गुरूच्या घरी पाणी भरण्याची सक्ती संपली. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. तेवढ्यात गायकाला आपले सर्वस्व दाखवावे लागे, आणि सुई उचलून पुन्हा मागे ठेवली की गुरू न कंटाळता तीच जागा शंभर वेळा गाऊन दाखवी.

गदगच्या भीमसेन जोशींनी अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकली आणि १९३३ साली, अकरा वर्षांचे असताना, असे गाणे शिकवणारा गुरू शोधायला घर सोडले. म्हणजे तबकडीने त्यांना गुरू दिला नाही, गुरूची तहान दिली. शेवटी ते खाँसाहेबांच्याच शिष्याकडे, सवाई गंधर्वांकडे, कुंदगोळला पोचले. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो आणि त्याकडे मी पुन्हा येणार आहे.

सिनेमातही तेच. मुकेश यांचे 'पहली नज़र' मधले १९४५ चे गाणे ऐकून अनेकांना सैगल गातो आहे असेच वाटे. लताबाईंच्या आरंभीच्या काही गाण्यांवर नूरजहाँची छाया स्पष्ट आहे आणि १९४९ नंतर ती भराभर मावळत गेलेली दिसते. आज लताबाईंच्या गाण्यात नूरजहाँ शोधू म्हटले तर दुर्बीण लागेल.

या शहरात काय घडले? १९४९ साली इथे रेडिफ्यूजन आले. तारेवरून घरोघर गाणी पोचवणारी ही सेवा २०१२ पर्यंत चालली. त्याच १९४९ साली भारतीय कलांसाठी इंडियन फाइन आर्ट्स सोसायटी स्थापन झाली, जिथे आपल्यापैकी अनेकांची मुले आज पेटी-तबला-गाणे शिकतात. एकाच वर्षी दोन पाठशाळा उघडल्या म्हणायच्या, एक कानाची आणि एक गुरूची. नोव्हेंबर १९६१ मध्ये क्लिफ रिचर्ड आणि शॅडोज इथे येऊन गेले आणि गल्लोगल्ली तरुणांचे बँड निघाले. 'टॅलेंटाइम' नावाच्या स्पर्धा, ऑर्चर्ड हॉटेलातल्या गोल्डन व्हीनसमधले रविवार दुपारचे टी डान्स, ब्रिटिश लष्करी तळांवरचे क्लब आणि पुढे व्हिएतनाम युद्धातून काही दिवसांच्या विश्रांतीसाठी येणारे अमेरिकन सैनिक. या सर्वांना हवे होते ते त्यांच्या घरचे गाणे, हुबेहूब. त्यामुळे इथल्या चिनी, मलय, युरेशियन, तमिळ पोरांनी ते हुबेहूब द्यायला शिकले. अमुक म्हणजे सिंगापूरचा क्लिफ, तमुक म्हणजे सिंगापूरचा एल्व्हिस. आपल्या सवाई-छोटा-कुमारसारखेच की! फरक इतकाच की तिथे गंधर्व मूळ गावचाच होता, इथे तो सात समुद्रांपलीकडचा. तरी त्यातूनही आपले काही निघत होतेच. 'द क्वेस्ट्स' या इथल्या बँडचे 'शँटी' १९६४ साली स्थानिक यादीत बीटल्सच्या वर जाऊन बसले.

मला त्या पिढीतला सर्वांत लोभस माणूस वाटतो तो शिवा चॉय. भारतीय वंशाचा हा गायक साठच्या दशकात आपला भाऊ जेम्स याच्यासह 'सायक्लोन्स'बरोबर गात असे. ब्लूज आणि रिदम अँड ब्लूज हे त्याचे खास क्षेत्र. अमेरिकेच्या दक्षिणेतला कृष्णवर्णीय जसा गाईल तसे गायचे हा त्याचा तरुणपणीचा ध्यास. १९९१ साली त्याच शिवा चॉयने 'व्हाय यू सो लाइक दॅट' हे अस्सल सिंग्लिशमधले रॅप काढले आणि अख्खे बेट हसले. त्या चमूचे नाव त्याने काय ठेवावे? 'कोपी कॅट क्लॅन'. कोपी म्हणजे आपली कोपिटियममधली कोपी आणि कॉपीकॅट म्हणजे नक्कलखोर. आयुष्यभर ज्या शब्दाने टोचले जाते तोच शब्द कॉफीत बुडवून परत करणारा हा माणूस २०१८ मध्ये गेला. त्याच्याविषयी इथल्या भारतीयांनी अधिक लिहायला हवे होते.

२००४ साली 'सिंगापूर आयडॉल' सुरू झाले आणि पहिले विजेतेपद तौफिक बतिशाला मिळाले, ते आर अँड बी आणि सोल वळणाचे गाणे गाऊन. तेव्हापासून हे गाणे इथल्या मुलांना परके राहिले नाही. शाळेतल्या स्पर्धेत मुलगी अरीथा फ्रँकलिनचे गाणे निवडते तेव्हा तिच्या दृष्टीने ती अमेरिकेचे काही गात नसते, जे सगळेच गातात ते गात असते.

तर मूळ प्रश्न: हे शिकता येते का, आणि कसे?

शिकता येते. आणि आपल्या मुलांना वाटते त्यापेक्षा त्यांची तयारी जास्त असते. एका अक्षरावर अनेक सूर गाणे हे ज्याने आकारात पलटे घोटले आहेत त्याला नवे नाही. सोलमधला जो गंधार धड कोमलही नसतो आणि शुद्धही नसतो, तो ऐकून पियानो शिकलेला मुलगा गोंधळतो, पण श्रुतींची सवय असलेला कान त्याला लगेच जागा देतो. तालाच्या मागे रेंगाळून समेवर मात्र अचूक येणे ही बालगंधर्वांच्या लयीची करामत. थिरकवाँसाहेबांचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी साथीला असताना ते शब्द असे मागे ओढत की ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागे. सोलमध्ये नेमके हेच मागे राहणे हवे असते. आणि गायकाच्या प्रत्येक ओळीला मागून समुदायाने दिलेली साद? कीर्तनातला झीलकरी दुसरे काय करतो?

माझ्या एका स्नेह्यांच्या घरी याचा प्रत्यय आला. त्यांची मुलगी शाळेच्या कार्यक्रमासाठी अरीथाचे एक भक्तिगीत बसवत होती. पुण्याहून आलेल्या आजी भाजी निवडत ऐकत होत्या. मुलीने मूळ ध्वनिमुद्रण लावले तेव्हा आजींनी हातातली गवार खाली ठेवली आणि म्हणाल्या, "अगं, ही बाई कीर्तनकाराच्या घरातली आहे का?" मुलगी हसली. पण आजींचे म्हणणे शब्दशः खरे होते. अरीथाचे वडील सी. एल. फ्रँकलिन हे डेट्रॉइटच्या न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चचे धर्मोपदेशक. त्यांच्या प्रवचनांच्या ध्वनिमुद्रिका देशभर खपत. बोलता बोलता ते कधी गायला लागले हे श्रोत्यांना कळत नसे, आपले बुवा निरूपणातून अलगद अभंगात शिरतात तसे. आजी मग म्हणाल्या, "हिला सांगा, आधी शब्द नीट म्हण. काय मागते आहे देवाजवळ ते कळू दे. वळसे मग." त्या मुलीच्या गाण्याच्या बाईही वेगळ्या शब्दांत तेच सांगत होत्या.

कारण नकलेत पहिली चूक तीच होते. ऐकणाऱ्याच्या कानात वळसे भरतात, म्हणून शिकणारा वळशांपासून सुरुवात करतो. एकदा गाणे अगदी साधे, सपाट, एकही हरकत न घेता म्हणून पाहावे. मग एकाच गायिकेची एकच ओळ घ्यावी, संगणकावर तिचा वेग निम्मा करावा आणि सरगम लिहून काढावी. हे आपल्या मुलांना सहज जमते, कुमारांच्या वडिलांच्या काळी ही सोय नव्हती. तीच ओळ तिने दुसऱ्या मैफलीत कशी गायली ते शोधावे. बहुधा ती वेगळी असते, आणि तिथेच समजते की वळसा पाठ करायचा नसून ती तो का घेते हे हुडकायचे आहे. खरखरीचा नाद मात्र शिक्षक समोर असल्याशिवाय करू नये. गळा आवळून काढलेली खरखर महिन्याभरात आवाज बसवते. पडद्यावरचा गुरू गळ्यातला ताण पाहू शकत नाही. भीमसेनजी तबकडी ऐकून घरीच बसले नाहीत, हे मघाशी म्हटले ते यासाठी.

दरवेळी निघणारा आणखी एक प्रश्न आहे. हे गाणे गुलामगिरी आणि तिच्यामागून आलेल्या अपमानाच्या शतकातून आले. आपण सुस्थितीतल्या कुटुंबातली मुले, ते दुःख आपले नाही, मग तो आवाज काढण्याचा अधिकार आपल्याला कसा? ओटिस रेडिंगने 'रिस्पेक्ट' १९६५ साली एका पुरुषाच्या तोंडी लिहिले आणि गायले. १९६७ साली अरीथाने ते उचलले आणि तेच गाणे स्त्रीची आणि साऱ्या समाजाची मागणी होऊन बसले. ते गाताना तिने स्वतःचे म्हणणे आत घातले होते. माझे मत असे की गाणे उसने घ्यायला परवानगी लागत नाही, पण ते कुणाचे आहे हे माहीत असावे लागते. सोळा वर्षांच्या मुलीला अरीथाचे गाणे शिकवताना डेट्रॉइटचे ते चर्च, तिथले ते लोक आणि त्या काळी त्यांना कुठल्या दाराने आत येऊ देत नसत, हे सांगणारा कोणी तरी हवा. आपण मुलांना नाट्यपद शिकवताना तरी ते कुठल्या नाटकातल्या कुठल्या प्रसंगाचे आहे हे सांगतो का? आपल्या कार्यक्रमांत नाट्यगीते म्हणणाऱ्या किती मुलांना प्रसंग ठाऊक असतो, हे एकदा विचारून पाहावे.

'कट्यार काळजात घुसली' हे १९६७ चे नाटक आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे, २०१५ चा चित्रपट तर मुलांनीही पाहिला. वसंतराव देशपांड्यांच्या खाँसाहेबांच्या घरी सदाशिव चाकर होऊन शिरतो तो गायकी चोरायला. दारव्हेकरांनी त्यात विद्या आणि कला यांचा जो भेद मांडला त्यावर आपल्याकडे पुष्कळ बोलले गेले आहे. वसंतराव स्वतः लहानपणापासून दीनानाथांच्या गाण्याने झपाटलेले, नागपुरात सप्रे गुरुजींकडे आणि लाहोरला असद अली खाँसाहेबांकडे शिकलेले, आणि पोटासाठी अनेक वर्षे लष्करी हिशेबखात्यात नोकरी करणारे. नोकरी सांभाळून गाणे करणाऱ्या आपल्या मंडळींनी हा तपशील जरूर लक्षात ठेवावा.

पुन्हा अरीथाकडे येतो. लहानपणी तिच्या वडिलांच्या घरी गॉस्पेलमधले सारे मोठे गायक येत. त्यांत क्लेरा वॉर्ड होती. अरीथाला तिच्यासारखे व्हायचे होते आणि ती तिच्यासारखेच गायची. जेम्स क्लीव्हलँडने तिला पियानोवरच्या साथीचे धडे दिले. १९६० मध्ये न्यूयॉर्कच्या एका बड्या कंपनीने तिला करारबद्ध केले आणि सहा वर्षे तिच्याकडून सर्व प्रकारची गुळगुळीत गाणी गाऊन घेतली. आवाज होता, पण ती सापडत नव्हती. जानेवारी १९६७ मध्ये अलाबामातल्या एका लहान स्टुडिओत तिला पियानोवर बसवले आणि चर्चमध्ये गातेस तसे गा म्हणून सांगितले, तेव्हा ती सापडली.

त्यानंतर पाच वर्षांनी, जानेवारी १९७२ मध्ये, कीर्तीच्या शिखरावर असताना ती लॉस एंजेलिसमधल्या एका साध्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये दोन रात्री केवळ गॉस्पेल गायली. पियानोवर क्लीव्हलँड, मागे समुदाय. 'अमेझिंग ग्रेस' ही तिची ध्वनिमुद्रिका याच दोन रात्रींची आहे आणि त्याचे चित्रीकरण अनेक वर्षे डब्यात पडून राहून २०१८ मध्ये लोकांसमोर आले. दुसऱ्या रात्री वडील आले होते. त्यांच्यासोबत पुढच्या रांगेत क्लेरा वॉर्ड बसली होती. जिचा सूर लहानपणी उचलला तिच्यासमोर अरीथा त्या रात्री गायली, तेव्हा ती तीस वर्षांचीही झाली नव्हती. चित्रपटात त्या रांगेवर कॅमेरा अधूनमधून फिरतो. क्लेरा वॉर्ड त्यानंतर वर्षभरच होती, जानेवारी १९७३ मध्ये ती गेली.